दाबून भरलेला कप

अमेरिकन कृतीत मैदा एक कप असतो, साखर एक कप असते आणि ब्राऊन शुगर मात्र एक कप दाबून भरलेली असते. बेकिंग करणाऱ्याने कृती वाचताना थांबायचं ते इथे. मी पुण्यात लहानशी बेकरी चालवते आणि जोडीला बेकिंग शिकवते. आमच्या निम्म्याअधिक कृती मुळात बाहेरच्या आहेत. काही पुस्तकांतून घेतलेल्या, काही ग्राहकांनी हौसेने आणून दिलेल्या. ‘‘लेक न्यू जर्सीला असते, तिच्याकडे खाल्ल्या होत्या या कुकीज. अगदी तशाच करून द्याल का ताई?’’ असं म्हणत एखाद्या काकू फोनवरचा फोटो पुढे करतात. त्या फोटोतले कप आणि चमचे ग्रॅममध्ये आणायचे, आपल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांवर बसवायचे आणि मग तो पदार्थ रोज तसाच निघेल हे बघायचं, हे माझं काम. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ब्राऊन शुगरने.

पांढऱ्या साखरेचं माप सरळ असतं. दाणे कोरडे, एकमेकांवरून घरंगळणारे. कप भरला की ती आपसूक बसते, वरून सुरी फिरवली की काम झालं. कुणीही भरला तरी कपात २०० ग्रॅमच्या आसपासच साखर येते. ब्राऊन शुगरचं तसं नाही. ती म्हणजे पांढऱ्या साखरेच्या बारीक दाण्यांवर चढवलेला मोलॅसिसचा, म्हणजे उसाच्या काळ्या पाकाचा, पातळ ओलसर थर. त्या ओलाव्याने दाणे एकमेकांना धरून राहतात, मधे पोकळ्या उरतात. चमच्याने हलक्या हाताने भरलेल्या कपात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १४५ ग्रॅम साखर मावते, दाबून भरलेल्या कपात २२०. कप तोच, साखर तीच आणि फरक ७५ ग्रॅमांचा. हा फरक साखरेचा नाही, भरणाऱ्या हाताचा आहे.

हे ७५ ग्रॅम ओव्हनमध्ये काय करतात, ते बघायला चॉकलेट चिप कुकीसारखं उदाहरण नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन या गावी रूथ वेकफील्ड यांच्या टोल हाउस इन या खाणावळीत ही कुकी जन्मली. तिच्या आज प्रचलित असलेल्या कृतीत पाऊण कप पांढरी साखर आणि पाऊण कप दाबून भरलेली ब्राऊन शुगर असते. म्हणजे दीडशे ग्रॅम पांढरी आणि जवळजवळ तेवढीच, किंबहुना थोडी जास्त, तपकिरी. ब्राऊन शुगर सैल भरली तर ती ११० ग्रॅमच्या घरात येते. एका घाण्यात पन्नासेक ग्रॅम साखर गेली. या कमतरतेने गोडी तर कमी होतेच, पण त्याहून बरंच काही बदलतं. साखर वितळून पिठाला पसरायला लावते. ती कमी पडली की कुकी ट्रेवर गोळ्यासारखी बसून राहते. मोलॅसिसमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, ते हवेतला आणि पिठातला ओलावा धरून ठेवतात. ते घटले की दुसऱ्या दिवशी कुकी मऊ राहायची ती कडक होते. मोलॅसिस किंचित आंबट असतं, त्याच्या जोरावर खाण्याचा सोडा फुलतो. आंबटपणा अपुरा पडला की सोडा शिल्लक राहतो आणि त्याची साबणासारखी चव जिभेवर येते. एका कपाच्या भरण्यात पसरणं, मऊपणा, रंग आणि चव अशी चार कामं अडकलेली असतात.

दाबून म्हणजे किती दाबून? यावर वर्गात पहिल्यांदा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर मी तोंडी देत नाही. ताटलीत कप उपडा करून दाखवते. भाताची मूद पडते तशी साखरेची मूद पडली पाहिजे. कपाचा आकार तिने धरला पाहिजे, कडा सुबक पाहिजेत आणि बोट लावलं की ती सहज फुटली पाहिजे. उपडी करताच ढासळली तर कमी दाबली. ठोकल्याशिवाय सुटलीच नाही तर जास्त. आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींचा हात भाकरी थापून तयार झालेला, मनगटात ताकद. त्यांनी तळव्याने दाबलेला कप काट्यावर २३५ ग्रॅम दाखवतो. त्याच साखरेचा, त्याच कपाचा, नव्याने आलेल्या मुलीने चमच्याच्या पाठीने दाबलेला कप २०५ भरतो. दोघींनीही कृतीत सांगितलं तेच केलेलं असतं. दोघींनाही बोल लावायला जागा नसते.

कपाची ही पद्धत निष्काळजी लोकांनी रूढ केली असं मात्र कुणी समजू नये. बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपलं पुस्तक काढलं, तेव्हा घरोघरी ‘चहाचा कपभर’, ‘अक्रोडाएवढं लोणी’ अशी मापं चालत. त्यांनी आग्रह धरला की कप ठरावीक मापाचा हवा, जिन्नस चमच्याने भरावा, वरून सुरीने सपाट करावा आणि भरताना कप हलवू नये. हलवला की माप बदलतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचं शिक्षण थांबलं होतं, पुढे त्यांनी स्वयंपाकाला शास्त्राची शिस्त लावण्यात आयुष्य घालवलं. सपाट मापाची ही शिस्त ज्या घरांत वजनकाटा नव्हता त्यांच्यासाठी मोठा आधार ठरली. माझा आक्षेप कपाला नाही. एकाच स्वयंपाकघरात, एकाच हाताने भरलेला कप चांगलं काम करतो. अडचण येते ती कृती एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा, आणि माझ्या धंद्यात तर ती सतत जात असते.

आणि हात एकटा थोडाच बदलतो? कपही बदलतो. अमेरिकन कप २३७ मिलीलिटरच्या जवळ, ऑस्ट्रेलियन कप २५० चा. तिथला मोठा चमचाही २० मिलीलिटरचा, बाकीच्या बऱ्याच जगाचा १५ चा. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कपांवर कधी २४० लिहिलेलं असतं, कधी २५०. मग ग्रॅमचे तक्ते बघावेत तर तिथेही एकमत नाही. दाबलेल्या एका कपाला कुणी २०० ग्रॅम धरतं, किंग आर्थर ही जुनी अमेरिकन पीठ कंपनी २१३ धरते, कृषी खातं २२०. यातला खरा कोणता, असं मला विद्यार्थी विचारतात. मी सांगते, सगळेच खरे, कारण प्रत्येकाने आपल्या हाताने कप भरून काटा बघितला आहे. आपण बघायचं ते एवढंच, की ज्याची कृती घेतली त्याचाच आकडा घ्यायचा. पुस्तकात सुरुवातीला किंवा शेवटी मापांचं पान असतं, ते आधी वाचायचं. मैदा एकाच्या तक्त्यातून आणि साखर दुसऱ्याच्या तक्त्यातून घेतली की दोन माणसांचे हात एका भांड्यात येतात आणि कृतीचा तोल जातो. लेखकाने काहीच सांगितलं नसेल तर मी २१३ धरते, पहिला घाणा लहान काढते आणि निकाल वहीत लिहून ठेवते.

इथपर्यंतचा प्रश्न किती या शब्दाचा झाला. काय हा प्रश्न त्याहून अवघड आहे. आपल्या बाजारात ब्राऊन शुगर म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांतली बरीचशी कोरड्या, मोठ्या, सोनेरी दाण्यांची असतात. डेमेरारा साखरेच्या जातीची. चहात ती छान लागते. पण तिला दाबून काही उपयोग नाही, ती दाबली जातच नाही. काट्यावर अचूक २१३ ग्रॅम मोजली तरी ओलसर ब्राऊन शुगरमध्ये जेवढा पाक असतो तेवढा तिच्यात नाही. शिवाय लोण्याबरोबर फेटताना मोठे दाणे विरघळत नाहीत, कुकीवर टिपके राहतात. वजन आपल्याला किती ते खात्रीने सांगतं, काय आहे ते सांगत नाही. ते डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखावं लागतं. चिमूटभर साखर बोटांत चोळायची. दाणे सुटे होऊन खाली पडले तर ती कोरडी. बोटांना किंचित ओल लागली आणि चिमटीचा ठसा साखरेवर राहिला तर ती कृतीतली.

म्हणूनच आम्ही ती घरी करतो. अमेरिकन घरांत एक कप पांढरी साखर आणि एक मोठा चमचा मोलॅसिस अशी फिकट ब्राऊन शुगर करतात, दोन चमचे घातले की गडद. मोलॅसिस आपल्याकडे सहज मिळत नाही, काकवी मिळते. काकवी जरा पातळ आणि चवीला सौम्य, तरी काम चोख करते. परातीत २०० ग्रॅम साखर घ्यायची. आपली बाजारातली साखर एस-३० किंवा एम-३० या प्रतीची असते. एम जरा मोठ्या दाण्याची. यातली कोणतीही असो, मी ती मिक्सरमधून क्षणभर फिरवून घेते. पिठी करायची नाही, दाणा फक्त मोडायचा. दाणा जितका बारीक तितका पाकाला बसायला जास्त पृष्ठभाग. मोठा दाणा तसाच ठेवला तर काकवी घसरून तळाशी जमते. मग २० ते २५ ग्रॅम काकवी धारेने सोडायची आणि बोटांच्या पेरांनी चोळायला लागायचं. आधी पिवळट साखरेत काळपट गुठळ्या दिसतात. चोळता चोळता त्या फुटतात, रंग पसरतो, मग एका क्षणी सगळ्या परातीचा रंग एक होतो आणि उसाच्या रसाचा वास वर येतो. मुठीत दाबून बघायची. गोळा धरला आणि अंगठ्याने फुटला की झाली. फार ओली वाटली तर ताटात पसरून थोडा वेळ पंख्याखाली ठेवायची. या कामाला यंत्र आहे, पण रोजच्या लहान घाण्याला मला हातच बरा वाटतो, कारण साखर कशी झाली हे हाताला यंत्राआधी कळतं. वजन काटा सांगतो, पोत हात सांगतो. एकाच्या कामात दुसऱ्याने लुडबुड केली की बिघडतं.

काकवीपासून गुळापर्यंत जायला वेळ लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाला नाचणीच्या कुकीज शिकवायला गेले होते. गोडीला गूळच घ्यायचा हे आधीपासून ठरलेलं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या मुलखात दुसरी साखर वापरायला मन होत नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही तर गुळाच्या व्यापारासाठीच उभी राहिलेली पेठ. त्या बाजारात गुळाचा सौदा कायम वजनावर झाला. घरात आल्यावर मात्र तोच गूळ वाटीने मोजला जातो. मी सगळ्यांना एकाच मापाच्या स्टीलच्या वाट्या दिल्या आणि ‘वाटीभर गूळ घ्या’ एवढंच सांगितलं. कुणी विळीवर पातळ चिरला आणि अलगद भरला. कुणी किसला. कुणी मऊ ढेपेतला खडा अंगठ्याने वाटीत बसवला. मग एकेक वाटी काट्यावर ठेवली. चिरून सैल भरलेली ९० ग्रॅम, अंगठ्याने दाबलेली १४०.

‘‘ताई, आमचा हात बसलेला हाय, आमचं चुकत न्हाई,’’ एक वयस्क बाई म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. त्यांच्या घरचे लाडू, पोळ्या, चिक्की यांत कधी फरक पडत नसणार, कारण मोजणारा हात, वाटी आणि गुऱ्हाळ तिन्ही एकच. मी म्हटलं, ‘‘मावशी, तुमचं चुकत नाही. पण उद्या तुमची पाळी नसेल आणि ह्या वहिनी कुकीज करतील. पाकीट घेणाऱ्याला तुम्ही दोघी वेगळ्या आहात हे कळता कामा नये.’’ त्यांनी काटा स्वतःकडे ओढला, रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर कसा आणायचा ते विचारलं आणि स्वतःची वाटी मोजली. नंतर शेजारणीची मोजली. त्या दिवसाचं शिकवणं तिथे झालं, पुढचं सगळं त्यांनी एकमेकींत केलं.

गुळाला वजनावर आणलं तरी त्याचा स्वभाव लक्षात ठेवावाच लागतो. ब्राऊन शुगर १०० ग्रॅम असेल तिथे मी गूळ १०० ग्रॅमच घेते, पण दूध थोडं हातचं राखून घालते, कारण गुळातलं पाणी ढेपेगणिक बदलतं. गुऱ्हाळात रस स्वच्छ करायला भेंडीचं पाणी घालतात, चुना घालतात. चुना किती पडला त्यावर गुळाचा आंबटपणा ठरतो आणि त्यावर सोड्याचं काम. म्हणून नवी ढेप फोडली की आधी चार कुकीजचा घाणा काढून बघायचा. गुळाचे बारीक खडे पिठात राहिले तर भाजताना तिथे काळे डाग पडतात. त्याला उपाय म्हणजे तो लोण्याबरोबर मंद आचेवर विरघळवून, गाळून, थंड करून घ्यायचा. गाळल्यावर पुन्हा वजन करायचं. गाळणीत राहिलेला कचरा आणि खडे आधीच्या आकड्यात धरलेले असतात.

पुण्याची हवाही या मापात भाग घेते. एप्रिलमध्ये उघड्या राहिलेल्या ब्राऊन शुगरचा दगड होतो. पाकातलं पाणी उडून गेलं की दाणे एकमेकांना घट्ट चिकटतात. त्या ढेकळांनी कप कसा भरणार? काट्याला मात्र ढेकळांचं काही वाटत नाही, उडालेलं पाणी वजनात थोडंच असतं. डब्यात पावाची चकती किंवा सफरचंदाची फोड ठेवून झाकण घट्ट लावलं की एखाद्या दिवसात ती पुन्हा मोकळी होते. कुणी पाण्यात भिजवलेला मातीचा तुकडा ठेवतात, त्यामागचं तत्त्व तेच. पावसाळ्यात उलट, गूळ पाझरायला लागतो आणि साखर दमट होते. दोन्ही ऋतूंत कपाचं माप भरकटतं, वजन जागेवर राहतं. वर्षभर एकच चव देण्याचं वचन ज्याने ग्राहकाला दिलं आहे, त्याला काट्याचा हा भरवसा मोलाचा आहे.

आपल्याला हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. पायली, शेर, मापटं, चिपटं ही भांड्याने मोजायची मापं आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालली. माप शिगेचं की सपाट, भरताना हलवायचं की नाही, यावर धान्याच्या व्यवहारात बोलणं होई. मापात पाप नको, असं म्हणणाऱ्या लोकांना भरणाऱ्या हाताची ताकद चांगली माहीत होती. मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा, हेही ते जाणून होते. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. मापाचा शेर मात्र बाजरीचा एका वजनाचा, पोह्यांचा दुसऱ्या. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, दुकानांतून शेर गेला. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली. आणि दुकानातल्या शेराचा हिशेब कायद्याने लावून दिला, तसा घरच्या वाटीचा हिशेब कुणी लावून दिला नाही. तो लावणं आपल्यावर आलं.

इतकी वर्षं कपांचे ग्रॅम करताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. रूपांतराचा आकडा तक्त्यात शोधून मिळत नाही. तो मिळतो भरणाऱ्या माणसाकडून. तिचा कप कोणता होता, साखर ओली होती की कोरडी, तिने दाबली तर कशाने दाबली, एवढं कळलं की गणित शाळकरी आहे. ते कळलं नाही तर दशांश चिन्हापुढे कितीही आकडे काढले तरी अंदाजच. न्यू जर्सीच्या कुकीजचं मी आता असंच करते. फोटोवरून हिशेब मांडत बसत नाही, काकूंना सांगते, लेकीला फोन लावा आणि म्हणावं, पुढच्या वेळी करशील तेव्हा कप भरून झाला की काट्यावर ठेव आणि आकडा कळव. मुली आनंदाने कळवतात. त्यांच्याकडच्या काट्यावर औंस असतील तर औंस, एका औंसाचे २८.३५ ग्रॅम करायला काय लागतं?

हेच काम प्रत्येक घरात व्हावं असं मला फार वाटतं. आई-आजीच्या वहीत ‘दोन वाट्या गूळ, अर्धी वाटी तूप’ असं लिहिलेलं असतं. ती कोणती वाटी, हे आज विचारलं तर कुणीतरी मांडणीवरून काढून हातात देईल. गूळ चिरून घ्यायचा की दाबून, हेही करून दाखवेल. म्हणून हे आज करायचं. ती वाटी त्यांनाच भरू द्या, आपण मधे हात घालू नका. काट्यावर ठेवा, वाटीचं वजन वजा करा आणि आलेले ग्रॅम वहीत त्याच ओळीपुढे लिहा. सोबत चार शब्द लिहा, गूळ कसला, चिरलेला की किसलेला, सैल की दाबलेला. वजनकाटा आज स्वस्तात मिळतो. वहीतली कृती पुढच्या हातात जशीच्या तशी जावी असं वाटत असेल, तर तिच्याबरोबर भरणाऱ्याचा हातही लिहून ठेवायला हवा. तो हात घरात असेपर्यंतच ते शक्य आहे.